मधला ठोंब

"मधलाच का, महाराज?"

अच्युतने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. पहिल्यांदा महाराजांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांना खोकल्याची उबळ आली. आता मात्र दोघांच्या मध्ये फक्त विळा आणि धारेचा दगड होता.

भैरवगीर महाराजांनी विळा दगडावर दोनदा ओढला आणि अंगठ्याने धार पाहिली.

"तुला काय कडंचा पायजे?"

"कडेचाही चालेल मला."

"कडंचे समद्यांनी नेले. मधला आजवर कुणाला दिला न्हाई. तुला देतोय."

"पण महाराज..."

"उद्या सकाळी मधलं कापायचं अन् खणायचं. कडंचं ऱ्हाऊ दे, ते वारं सरल्यावर. जा, पहार कुठं हाय बघ."

अच्युत पहार बघायला गेला. नऊ वर्षं ज्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता तो दिवस उद्यावर आला होता, आणि तो त्याला नको झाला होता.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

वाऱ्याच्या माळावरचा हा मठ काही फार नावाजलेला नाही. एक समाधी, एक विहीर, एक स्वयंपाकघर आणि बाकी सगळं गवत. फुलझाड म्हणाल तर औषधालाही नाही. तिथला वारा असा की जास्वंद लावली तर वर्षभरात तिची काठी उरते. म्हणून महाराजांचे गुरू उमानगीर यांनी देवाला वाहायच्या फुलांचा नाद सोडला आणि गवतं लावली. बांधावर वाळा लावला, पायवाटेला लालसर कुसळांचं बुटकं गवत लावलं आणि पुढे जिथे त्यांची समाधी झाली त्या जागेसमोर चवरीचं बेट.

चवरी हे मठातलं नाव. दीड पुरुष उंच गवत आणि त्यावर पांढरे शुभ्र तुरे, देवावर ढाळायच्या चवरीसारखे, म्हणून चवरी.

या बेटाची एक रीत होती. जो शिष्य मठ सोडून दुसरीकडे आपली जागा मांडायला निघे, त्याला महाराज बेटातला एक ठोंब, म्हणजे मुळांसकट गवताचा गड्डा, खणून देत. कागद नाही, शाल नाही, नारळही नाही. ठोंब मिळाला म्हणजे परवानगी मिळाली. असे चौदा जण गेले होते. सगळ्यांचे ठोंब पूर्वेकडून काढलेले, त्यामुळे त्या बाजूला बेटाला माणूस आत जाईल एवढी फट पडली होती.

अच्युत पेठकर पंधरावा व्हायच्या तयारीत होता. शेतकीची पदवी घेतलेला, शहरातल्या बागांवर साहेब म्हणून दहा वर्षं काम केलेला. मठात आला तेव्हा त्याला इथल्या लोकांना गवत कसं सांभाळायचं ते शिकवायचं होतं. त्याने प्रत्येक गवताचं शास्त्रीय नाव पत्र्याच्या पाटीवर रंगवलं आणि पाट्या रोवल्या. महाराजांनी एकही पाटी वाचली नाही. स्वयंपाकघरातल्या तानूआक्कांनी मात्र त्यातली एक उपटून ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून वापरायला घेतली. चांगली बसली, म्हणाल्या.

तरी तो राहिला. काहीतरी होतं त्या म्हाताऱ्यात, जे त्याला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. ते काय, हे मात्र त्याला नऊ वर्षांत सांगता आलं नाही.

तिकडे हिंगणवाडीच्या लोकांनी त्याला स्वतःचा मठ मांडायला टेकडीवर जागा दिली होती. पत्र्याची खोली बांधून झाली होती, विहिरीला पाणी लागलं होतं. तीन वर्षं ती माणसं विचारत होती, पेठकरबुवा, कधी येताय? आणि दर वर्षी माघात अच्युत महाराजांना विचारायचा, आणि महाराज म्हणायचे, "आजून न्हाई."

का नाही, ते सांगायचे नाहीत.

त्यातच बेटाचं मधलं मेलं.

तसं त्यात नवल काही नव्हतं. असं गवत बाहेर बाहेर वाढत जातं. कडेला नवे फुटवे येतात आणि सगळ्यात जुनं जे मध्ये असतं, ते वाळत जातं. अच्युतला हे तोंडपाठ होतं, उपायही तोंडपाठ होता. सगळं बेट उकरायचं, ठोंब वेगळे करायचे आणि नव्याने लावायचे. पण उमानगीरांनी स्वतःच्या हाताने लावलेलं बेट उकरायचं कसं? मधे दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा उघडी पडली. नुसती माती.

अच्युतने दोन वर्षं तिथे शेणखत घातलं, पेंड घातली, गोमूत्र शिंपडलं. एक काडी फुटली नाही.

वर महाराजांचा त्रास. रोज सकाळी काखेत पोतं मारून ते फटीतून आत जायचे आणि नेमके त्या उघड्या जागेवर पोतं टाकून बसायचे. तासभर.

"महाराज, माती दडपते," अच्युत म्हणायचा.

"दडपू दे."

"मुळांना हवा मिळत नाही."

"कुनाच्या मुळांस्नी?" महाराज विचारायचे आणि डोळे मिटायचे.

अच्युतला ही चेष्टा वाटायची. बेटाची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि पुढच्या माघात उमानगीरांची पन्नासावी पुण्यतिथी होती. चौदाच्या चौदा जण येणार होते. ते येऊन बेटात डोकावणार आणि मधे हे टक्कल बघणार. कुणाच्या हाती बेट गेलं, असं एकमेकांना विचारणार. मग कसला ठोंब आणि कसली हिंगणवाडी. या विचाराने त्याला जेवण जाईना.

आणि मग शिकलेल्या माणसाने जे करू नये ते त्याने केलं.

तो शहरात गेला आणि एका नर्सरीतून पंपास घेऊन आला. परदेशी गवत, पान थेट चवरीसारखं. दुपारी जेवणं होऊन सगळा मठ आडवा झाला होता तेव्हा त्याने ते मधल्या जागेत पुरलं. पुरलं, पाणी घातलं, वर जुना पालापाचोळा पसरला आणि विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

संध्याकाळी महाराजांना सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. संध्याकाळी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज पोतं घेऊन फटीपाशी आले आणि थबकले. आत हिरवी पाती उभी होती.

"फुटलं वाटतं," ते म्हणाले.

अच्युतला वाटलं, आता. आताच सांगून टाकावं.

"हो," तो म्हणाला.

"ब्येस झालं."

महाराज वळले आणि विहिरीच्या काठावरच्या दगडावर जाऊन बसले. तो माळावरचा सगळा वारा खाणारा दगड. एवढंच झालं. ना राग, ना शंका. अच्युत खोटं बोलला तो हा एक शब्द.

पण गवत काही मूग गिळून बसणारं नव्हतं. पावसाळा सरला आणि चवरीला तुरे आले. कडेने सगळे पांढरे आणि मधोमध गुलाबी.

झालं. माळाखालच्या चार वाड्यांत बातमी गेली. उमानगीरांच्या बेटाला गुलाबी तुरा फुटला, गुरूंनी कौल दिला. लोक बैलगाड्या करून आले, टेम्पो करून आले. कुणी तुऱ्याला हळद लावली, कुणी नवस बोललं.

"पन्नास वर्सं पांढरं," तानूआक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अन् आता लगीन ठरल्यागत गुलाबी. काय घातलंस रं, अच्युत?"

"शेणखत," अच्युत म्हणाला.

"आमच्या वांग्यांनाबी घाल की जरा."

अच्युतचं सगळं लक्ष महाराजांकडे होतं. महाराज गर्दीतून वाट काढत बेटापाशी आले, गुलाबी तुऱ्यांकडे मान वर करून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

अच्युत त्यांचा चेहरा बघत राहिला. त्यात हसू होतं का? नव्हतं. मग भक्ती होती का? तेही सांगता येईना. महाराज खोकत खोकत निघून गेले आणि अच्युत तिथेच उभा राहिला.

यांना कळलंय का?

कळलं असेल तर बोलत का नाहीत? कळलं नसेल तर आपण नऊ वर्षं कुणाच्या पायाशी बसलो? ज्याला रोज हाताखालचं गवत ओळखू येत नाही, त्याच्याकडून काय शिकायचं? आणि कळूनही हात जोडले असतील, तर मग कशाला जोडले? माघ येईपर्यंत या प्रश्नांनी त्याला पार पिंजून काढलं. एक सोडवावा तर दुसरा तोंड वर काढायचा.

पुण्यतिथी झाली. चौदा जण आले, गुलाबी तुरे बघून गहिवरले. अच्युतची पाठ थोपटली. आणि भर पंगतीत महाराजांनी द्रोणातलं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि सांगितलं, "औंदा अच्युतला ठोंब द्यायचा. मधला."

पंगतीतले हात थांबले. मधला ठोंब म्हणजे उमानगीरांच्या हातचा, बेटाचं काळीजच. चौदांपैकी कुणाला तो मान मिळाला नव्हता. काहींचे चेहरे जरा उतरलेच.

अच्युतने हातातला घास पानात परत ठेवला.

सगळे आपापल्या गावी परतले, आणि त्यानंतरची ही विळ्याला धार लावायची संध्याकाळ.

पहार तानूआक्कांच्या चुलीमागे सापडली. अच्युत ती घेऊन तिथेच उंबऱ्यात टेकला.

"आक्का, एक विचारू?"

"इचार."

"महाराजांना सगळं कळतं का?"

तानूआक्कांनी काढ्याखालचा जाळ कमी केला. महाराजांचा खोकला वर्षभर हटत नव्हता, त्यांना सकाळ-संध्याकाळ काढा लागायचा.

"त्येंना काय कळतंय अन् काय न्हाई, ते त्येंनाबी म्हाईत नसंल. तुझं काय आडलंय?"

"काही नाही."

"मग मला एक सांग. तू शिकलेला हाईस. ह्यो मानूस रोज सकाळी पोतं काखेत मारून भायेर जातोय अन् तासाभरानं तसंच घडी घातलेलं घिऊन येतोय. कशापायी?"

अच्युतला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. त्याच्या डोक्यात उद्याची सकाळ होती. सांगितलं तर ठोंब गेला, हिंगणवाडी गेली, नऊ वर्षं गेली. नाही सांगितलं तर आयुष्यभर नर्सरीतलं गवत गुरूंचं म्हणून सांभाळायचं, लोकांनी त्याला हळद लावायची, आणि आपण शेजारी उभं राहायचं.

"वय झालं त्यांचं," तो म्हणाला.

"आसंल," आक्का म्हणाल्या आणि काढा गाळू लागल्या.

सकाळी वारा नेहमीपेक्षा जास्त होता. महाराजांनी कानाला मफलर गुंडाळला होता. दोघं फटीपाशी आले. अच्युत आत शिरला तसा वारा एकदम थांबला, म्हणजे बाहेर चालूच होता, सगळ्या बाजूंनी चवरी सळसळत होती, पण आत काडी हलत नव्हती.

त्याने मधलं गवत वीतभर ठेवून कापलं. गुलाबी तुरे आडवे पडले. ते बाहेर सारून त्याने पहार हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

"खण," फटीतून महाराज म्हणाले.

"महाराज..."

"हं."

"हे बेटातलं नाही."

वाऱ्याने मफलरचं टोक त्यांच्या तोंडावर आलं, ते त्यांनी बाजूला केलं.

"मी आणून लावलंय. नर्सरीतून. मधलं मेलं होतं, ते कधी फुटलंच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो. खोटं बोललो. लोकांनी नवस केले तेव्हाही गप्प बसलो. उमानगीरांच्या हातचं यात काही नाही, महाराज. मला हा ठोंब देऊ नका."

एवढं बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर महाराजांचा थोडा रागही आला, कारण त्यांचा चेहरा अजून कालच्यासारखाच होता.

"झालं?"

"झालं."

"मग खण की."

"ऐकलंत ना तुम्ही? मी म्हणालो की..."

"खण."

अच्युतने पहार मारली. चार बाजूंनी माती मोकळी केली, दांडा घालून उचकटलं. ठोंब वर आला आणि त्याच्याबरोबर काहीतरी काळं फडफडत वर आलं. नर्सरीची प्लास्टिकची पिशवी. त्या दुपारच्या घाईत अच्युतने तिला नुसती चीर दिली होती, काढायची राहून गेली होती. मुळं चिरेतून आणि भोकांतून वाट काढत बाहेर आली होती, बाकीची आत गुंडाळून बसली होती.

महाराज आत आले. खाली वाकून त्यांनी पिशवीचं टोक धरलं आणि एकेक मूळ सोडवत, न तोडता, ती हळूहळू ओढून काढली. बराच वेळ लागला. मग पिशवी झटकली, घडी घातली आणि अच्युतच्या हातात दिली.

"लावताना पिशवी काढायची आसती, लेका."

बागांवर दहा वर्षं साहेब असलेल्या माणसाने मान खाली घातली. एवढी शरम त्याला खोटं कबूल करतानाही वाटली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

महाराजांनी पायाने मातीचा खड्डा सारखा केला, चार ढेकळं फोडली, दाबून पाहिलं. मग काखेतलं पोतं काढलं, त्याची वर्षभराची घडी उलगडली आणि त्या मोकळ्या जागेवर अंथरलं.

आणि मांडी घालून बसले.

"आक्का," त्यांनी आतूनच हाक दिली, "च्या हिकडं आन."

"आतमंदी व्हय?" लांबून तानूआक्कांचा आवाज आला.

"आतमंदी."

सगळ्या बाजूंनी चवरी उभी होती, पांढरे तुरे वाऱ्याने पार लववून जात होते. महाराजांच्या मफलरचं टोक मात्र छातीवर जसं पडलं होतं तसं पडून राहिलं. त्यांनी मफलर सोडला, कान मोकळे केले आणि डोळे मिटले.

"वारं लागत हुतं, लेका," ते म्हणाले. "वरीसभर."

अच्युत त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला विहिरीवरचा दगड आठवला, खोकला आठवला, रोजचा काढा आठवला. घडी घातलेलं पोतंही आठवलं. ज्या जागेला तो दोन वर्षं टक्कल म्हणत आला होता तिथे एक म्हातारा माणूस सुखाने बसला होता.

"मला सांगायचं होतंत, महाराज. एकदा बोलला असतात तर..."



तानूआक्का फटीतून चहा घेऊन आल्या. पोत्याकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं, अच्युतच्या हातातल्या ठोंबाकडे आणि पिशवीच्या घडीकडे पाहिलं. कप खाली ठेवला आणि गेल्या.

अच्युत तसाच उभा होता. ठोंबाची ओली माती त्याच्या सदऱ्याला लागत होती. हिंगणवाडीला जायचं की नाही, हे त्याला अजून कळलं नव्हतं. खोटा ठोंब खऱ्या जागेतून निघाला होता, तो महाराजांनी द्यायचा म्हणून सांगितलं होतं, पण तो महाराजांचा नव्हता, आणि मूळ मात्र त्यांनीच सोडवलं होतं. याचा हिशेब लागेना.

"महाराज, हे घेऊन मी काय करू?" शेवटी त्याने विचारलं. "मला ठोंब मिळाला, की नाही मिळाला?"

महाराजांनी चहाचा घोट घेतला. सावकाश, फुंकर न घालता...

"हिंगणवाडीला वारं हाय का?"

"आहे. इथल्यापेक्षा जास्त आहे."

"मग लाव तिथं. अन् मधलं मेलं की सांगावा धाड. मी बसाय येतो."